शून्य त्रुटी

रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
लोधीपुऱ्यातल्या माझ्या बंद दवाखान्यात
कॉम्प्युटर आपला आपण जागा व्हायचा,
काहीतरी मोजायचा,
आणि सकाळी हिरवी खूण दाखवायचा:
बॅकअप पूर्ण. त्रुटी शून्य.

मी शटर वर करता करता तिच्याकडे बघायचे,
शेजारच्या दुकानाचं कुलूप बघावं तसं.
लागलंय ना, बस्स.

बावीस वर्षांचे पेशंट होते त्यात.
आजार असे नव्हेतच, होमिओपॅथीत आजार शेवटी विचारतात.
आधी तहान किती, झोप कुठल्या कुशीवर,
रागात बोलता की गप्प होता.
मल्हारगंजची रेवती: वरून मीठ घेते.
समजूत घातली की जास्त रडते.
बँकेतले पुराणिक: पहाटे तीनला जाग.
जिना उतरतोय आणि पुढची पायरी नाही, असं स्वप्न.
सियागंजचे मुछाल, हळदीचे व्यापारी:
वादळाच्या आदल्या दिवशी डावा गुडघा. घरात सांगत नाहीत.

मार्चमधल्या एका दुपारी
आधी वाटलं पाल चुकचुकतेय.
डिस्क होती.

जेल रोडला दुसऱ्या मजल्यावर झुबेर बसतो.
त्यानं माझं खोकं उघडलं, बाहेरची डिस्क लावली,
बराच वेळ स्क्रोल केलं. खरं तर
स्क्रोल करण्यासारखं काही नव्हतंच.
'मॅडम, बैकअप तो रोज हुआ है.
रिस्टोर करके देखा था कभी?'

आणि मी बावीस वर्षं
समोरच्या खुर्चीला हेच तर विचारत आले,
गोळ्या घेतल्यात, ठीक,
पण फरक पडला का, ते पाहिलंत?

दोन वर्षांपूर्वी मशीन दुरुस्तीला गेलं
तेव्हा डी ड्राइव्हचा ई झाला होता.
सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नाही.
ते जुन्याच पत्त्यावर जात राहिलं,
रात्री दोन-दहाला, एकही खाडा नाही,
रिकाम्या खोलीत उभं राहायचं,
रिकामी खोली नीट उतरवून घ्यायचं.
फाइली शून्य. त्रुटी शून्य.
एक अक्षर खोटं बोललं नाही बिचारं.
तीस दिवसांपलीकडचं जुनं पुसून टाकत होतं
जागा वाचावी म्हणून,
आणि ती सोय माझ्याच बोटानं निवडलेली.

मग फोन करत बसले.
पुराणिक म्हणाले, 'तीनला? छे हो, मी कायम गाढ झोपतो.'
आता हे माझ्या औषधाचं यश
की त्यांच्या विसराळूपणाचं, कुणाला विचारू?
रेवती पुण्यात. 'मी रडायचे?' म्हणाली.
मग पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत
कुणीच काही बोललं नाही.

मुछाल गेले, दिवाळीच्या आधी.
पण त्यांच्या बायकोनं पिशवीभर चिठ्ठ्या आणून दिल्या,
दुकानातल्या बिलांच्या तारेत खुपसलेल्या,
माझ्याच अक्षरातल्या, मधोमध भोक, हळदीचा वास.
'ये कागज फेंकते नहीं थे,' म्हणाली.
'कौन सा घुटना था, डॉक्टरनी? मुझे तो कभी बताया नहीं.'

मी सांगितलं. डावा.

आता दोन डिस्क आहेत. एक पलासियाला नणंदेच्या कपाटात,
तिच्या साड्यांखाली.
हिरवी खूण अजून येते, मी तिला नमस्कार करत नाही.
महिन्याच्या पहिल्या रविवारी
डोळे मिटून एक फाइल निवडते, परत आणते,
उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

काल मुछालांची आली.
भोक पडलं होतं तिथला शब्द मी टाइप करताना
कोरा सोडला होता. तो कोराच परत आला.
त्याच्याखाली, जुलैची नोंद:
'बरं वाटतं' म्हणतात.
पुन्हा बोलवावे.